बाळ पाव मागतंय म्हणे!

"डोहाळे अडवू नका" अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या नात्यागोत्याच्या ग्रुपांवर फिरतोय. सिलिॲक नावाच्या आजारामुळे ग्लुटेन (गव्हातलं एक प्रथिन) बंद असलेल्या गरोदर बायकांसाठी तो लिहिलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गहू सोडल्यानेच मळमळ वाढते. पाव-बिस्किटांचे डोहाळे ही बाळाची मागणी असते, म्हणून थोडं खाल्लेलं चालतं. सकाळच्या मळमळीवर कोरड्या बिस्किटाला पर्याय नाही. भात खाणाऱ्या कोकणात हा आजार नसतोच. घरचं अन्न कधी बाधत नाही. आणि शेवटी, खाऊन बघा, त्रास झाला नाही तर आजार नाही.

मला सिलिॲक आहे. सासर-माहेर दोन्ही सिंधुदुर्गात, आणि एक गरोदरपण मी याच पथ्यावर काढलंय. त्यामुळे हा मेसेज वाचून नुसतं 'डिलीट' करणं मला जमलं नाही.

गहू सोडल्याने मळमळ होते, हा सगळ्यात कच्चा मुद्दा. तसं असतं तर तिन्ही त्रिकाळ पोळ्या खाणाऱ्या बायकांना उलट्या झाल्याच नसत्या. साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास मळमळ सुरू होते, नवव्या-दहाव्या आठवड्यात ती टिपेला जाते आणि बहुतेकींची सोळा ते वीस आठवड्यांपर्यंत ओसरते. काय खाता, काय सोडता याच्याशी या वेळापत्रकाचा फारसा संबंध नाही. 2023 च्या डिसेंबरात 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एक मोठं संशोधन आलं. बाळ आणि वार जीडीएफ15 नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात सोडतात. गरोदरपणाआधी जिच्या अंगात ते कमी असतं, तिला ते एकदम वाढल्यावर जास्त त्रास होतो, असं त्यात दिसून आलं. यात गव्हाचा काही हात नाही. उलट सिलिॲक असलेल्या बाईने गहू खाल्ला तर मूळच्या मळमळीवर पोटदुखी, जुलाब आणि आणखी उलट्या यांची भर पडू शकते.

आता 'थोडं चालतं'. हे मला सगळ्यांनी ऐकवलं: आत्याने, शेजारच्या काकींनी, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी आजींनीसुद्धा. "वायच खाल्लंस तर काय होतला गो?" प्रेमाने विचारलेला प्रश्न आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. सिलिॲकमध्ये गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य, मोहरी नव्हे) यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षक यंत्रणा लहान आतड्यावरच हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बारीक लवी झडतात आणि लोह, फोलेट, कॅल्शियम शोषलं जात नाही. किती ग्लुटेनने हे होतं? 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज फक्त 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं, तरी आतड्याला इजा झालेली दिसली. एका लादीपावात दोन-तीन ग्रॅम, म्हणजे दोन-तीन हजार मिलिग्रॅम असतं. तुमचं 'वायच' म्हणजे पावाचा एक लहानसा कोपरा, आणि तोसुद्धा या हिशेबात जास्तच भरतो.

मेसेजमध्ये असंही आहे की गरोदरपणात आईची प्रतिकारशक्ती मवाळ होते, म्हणून गहू पचतो. याला अर्धवट आधार आहे, तेवढा मान्य करते. सांधेवातासारखे काही आजार गरोदरपणात खरंच थोडे शांत होतात. पण ती सवलत सिलिॲकला लागू करता येत नाही. हा आजार काही जणींत गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच पहिल्यांदा उघड होतो. शिवाय पथ्य न पाळलेल्या सिलिॲकमध्ये गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण आणि कमी वजनाचं बाळ यांचा धोका वाढतो. पथ्य नीट पाळलं की तो बराच खाली येतो. मग बाळाच्या नावाने पाव खाणं कोणाच्या हिताचं?

डोहाळे मात्र खरे असतात, त्यांची चेष्टा करायचं कारण नाही. ते पुरवले नाहीत तर मूल लाळ गाळतं, हे मात्र खरं नाही. दात येताना सगळीच मुलं लाळ गाळतात, आईने पाव खाल्लेला असो वा नसो. सकाळी पाववाल्याच्या सायकलचा भोंगा वाजला की मला तोंडात कुरकुरीत, खारट, भाजलेलं असं काहीतरी हवं व्हायचं. लक्षात आलं की हवं होतं ते कुरकुरीतपण, गहू नव्हे. मग भाजलेले कुरमुरे, तांदळाच्या फेण्या, फणसाचे तळलेले गरे. पाव मऊ असतो म्हणून हवा असेल तर तव्यावरून थेट ताटात आलेलं जाळीदार घावन आणि नारळाचा रस, किंवा आंबोळी. गोड हवं तर शिरवळे, पातोळ्या, उकडीचे मोदक, तांदळाच्या रव्याची तवसळी आणि सांदण. पावाची हुबेहूब चव यातल्या कशालाच नाही, आणि ती नक्कल करायचा हट्टही मी धरला नाही. महागडे ग्लुटेन-फ्री पाव कुरिअरने मागवून रडकुंडीला येण्यापेक्षा आपल्या आजीच्या ताटात बिनगव्हाचं किती होतं ते आठवावं.

एक डोहाळा मात्र पुरवू नये: माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, मुठीमुठीने बर्फ. असं खावंसं वाटत असेल तर डॉक्टरांना हिमोग्लोबिन बघायला सांगा, कारण लोह कमी असलं की असं होऊ शकतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता, त्यामुळे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. आणि लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढतच नसेल, तर सिलिॲकची शंका घ्यायला हवी.

आता बिस्किट. 'उठण्याआधी कोरडं बिस्किट खा' हा सल्ला पोट पूर्ण रिकामं राहू नये म्हणून आहे. रिकाम्या पोटी मळमळ वाढते, एवढंच त्यातलं तथ्य. ते काम साळीच्या लाह्या किंवा कोरडे भाजलेले पोहे तितकंच करतात. रात्री उशाशी डबा ठेवायचा, डोळे उघडले की पडल्या पडल्या चार दाणे तोंडात टाकायचे आणि थोड्या वेळाने उठायचं. त्यानंतर दर दोन तासांनी थोडंथोडं. जेवताना पाणी कमी, दोन खाण्यांच्या मध्ये घोट घोट. गरम अन्नाचा वास जास्त सुटतो, म्हणून गार किंवा कोमट अन्न जास्त सोसतं. उकड्या तांदळाची पेज मिठाचा खडा घालून निवू द्यावी, ती पोटात राहते. कोकम सरबत चिमूट मीठ घालून चांगलं. सोलकढी सगळ्यांना मानवेलच असं नाही, कोणाला नारळाच्या दुधाचा जडपणा होतो, कोणाला लसणीचा वास. आंबट जास्त झालं तर छातीत जळजळतं, तेही खरं. आल्याचा तुकडा मीठ लावून चघळल्याने काहींना बरं वाटतं. पावसाळ्यात जून-जुलै मासेमारी बंद, घरात सुकट आणि सुके बोंबील भाजले जातात. त्या वासाने मी मागच्या पडवीत जाऊन बसायची. कोणाला याचा राग येऊ देऊ नका, स्वयंपाक दुसऱ्याने केला तर चालतो.

याने भागलं नाही तर डॉक्टर ब6 जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामिनची गोळी देतात. ती गरोदरपणात वर्षानुवर्षं वापरात आहे, उगाच सोसत राहू नये. गोळीत बांधणीसाठी कुठला स्टार्च आहे, हे औषधवाल्याला किंवा कंपनीला विचारून घ्या. लोहाच्या गोळीने मळमळ वाढत असेल तर ती बंद करू नका, वेळ किंवा प्रकार बदलून मागा. आणि दिवसभर पाण्याचा घोटही ठरत नसेल, लघवी अगदी कमी आणि गडद होत असेल, उभं राहिल्यावर भोवळ येत असेल किंवा वजन भराभर उतरत असेल तर घरगुती उपाय सोडून सरळ दवाखान्यात जावं. तिथे सलाईन लागतं, लाह्यांनी काही होत नाही.

'कोकणात कसला सिलिॲक!' याला मात्र आकड्यांत उत्तर देता येतं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतात 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के लोकांत हा आजार आढळला. त्याला लागणारी आनुवंशिक ठेवण तिन्ही भागांत जवळपास सारखीच होती. मोठा फरक होता तो ताटातल्या गव्हाचा. म्हणजे भात खाणाऱ्या मुलखात तो कमी दिसतो, हे मेसेजचं म्हणणं एवढ्यापुरतं बरोबर. पण आता सकाळी पाव-बटर, दुपारी डब्यात चपाती, संध्याकाळी खारी, रात्री नूडल्स. आज्ज्यांच्या ताटावरून नातींचा आजार कसा ठरवणार?

'घरचं अन्न कधी बाधत नाही' हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ऐकायला ते सगळ्यात गोड आहे. मळमळणाऱ्या बाईला आपण काय देतो? मऊ भात, वर तूप आणि मेतकूट. आता मेतकुटाचं साहित्य आठवा: चणाडाळ, उडीदडाळ, तांदूळ आणि बहुतेक घरी मूठभर भाजलेले गहू. झालं की! पेजेबरोबर लोणचं दिलं तर त्यात हिंग. बाजारातला डबीतला हिंग बहुधा मैद्यात किंवा कणकेत मिसळलेला असतो. तांदळाच्या पिठातला मिळतो, पण घटक वाचूनच घ्यावा लागतो. कोंबडी-वड्यांच्या पिठात बऱ्याच घरी गहू पडतात, थालीपिठाच्या भाजणीतही. सातूचं पीठ, शेवया, कुरडया यांत तर उघडच. सुरमई-बांगडा तळताना वरून रवा लावतात, तो गव्हाचाच. तुमच्यासाठी तांदळाचं पीठ लावलं तरी त्याच तेलात आधी रव्याची तुकडी तळली असेल तर उपयोग नाही. अशक्तपणावर म्हणून कोणी माल्टची पावडर आणून देतं, ते माल्ट बहुतेक वेळा जवाचं. अंगणवाडीतून आलेल्या शिध्यात गहू असेल तर तो वेगळ्या डब्यात जाऊ द्या.

आणि गिरणी. आपलं तांदळाचं, नाचणीचं, कुळथाचं पीठ त्याच जात्यातून येतं जिथे आधी कोणाचे तरी गहू दळले. "सकाळचं पहिलं दळण तुमचं काढतो" असं गिरणीवाले काका मनापासून म्हणतात, पण कालचं पीठ जात्यात चिकटलेलंच असतं. बाजारात ग्लुटेन-फ्री म्हणून विकायच्या पदार्थाला किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. गिरणीच्या पिठाला अशी हमी कोण देणार? मला जमलेला उपाय अगदी जुना आहे: तांदूळ निवडून धुवायचे, भिजवायचे आणि घरीच वाटायचे. घावन, आंबोळी, पातोळ्या यांना कोरडं पीठ लागतच नाही. भाकरीसाठी मात्र स्वतंत्र घरघंटी किंवा मिक्सर हवा. पोळपाट-लाटणं वेगळं, पीठ मळायची परात वेगळी. सासूबाईंना सुरुवातीला हे सोवळं वाटलं. नंतर त्याच माझ्या हिंगाच्या डबीला कोणाला हात लावू देईनात.

राहता राहिलं 'खाऊन बघा'. सिलिॲक असलेल्या अनेकांना गहू खाल्ल्यावर काहीही जाणवत नाही आणि आतडं आतल्या आत खराब होत राहतं. त्रास झाला नाही, याचा अर्थ फक्त त्रास झाला नाही. उलट टोकाचाही प्रकार दिसतो: निदान नसताना, कोणीतरी सांगितलं म्हणून गरोदरपणात गहू बंद करणाऱ्या. त्यांनी आधी तपासणी करावी. टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी गहू खाण्यात असतानाच खरी ठरते, सोडून काही महिने झाले की ती नकारात्मक येऊ शकते आणि मग गोंधळ वाढतो. दुर्बिणीने आतड्याचा तुकडा घेण्याची तपासणी डॉक्टर बहुधा बाळंतपणानंतर ठेवतात. आणि आधीच निदान झालेलं असेल, तर दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना ते सांगा. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, ब12, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड बघायला सांगा, आणि फोलिक ॲसिडचा डोस नेहमीचा पुरेल की वाढवायचा हेही त्यांनाच ठरवू द्या.