होतकरू निष्ठावंतांसाठी काही सूचना

गेल्या रविवारी आमच्या खळ्यात मंडप पडला. विचारलं कोणीच नाही. पावसानंतर आईने चोपून-सारवून तयार केलेल्या खळ्यात पहारी मारून खांब रोवले आणि आमच्या भागातल्या भाईंचा पक्षप्रवेश झाला. आलेच आहेत तर म्हणून ओहोळावरच्या साकवाचं, म्हणजे छोट्या पुलाचं, भूमिपूजनही उरकलं. तिसऱ्यांदा. साकव तोच, नारळ फोडणारा हात तोच, गळ्यातलं उपरणं तेवढं नवीन.

तेव्हा कोकणात राजकारण करू पाहणाऱ्या होतकरूंनो, भाईंकडून शिका.

पक्ष निवडताना विचार बघू नये, ठेका बघावा.

जुनी उपरणी पोतेऱ्याला काढू नयेत. परत लागतात.

महामार्गाचा विषय निघाला की फोन आल्यासारखं करावं.

आणि इतिहास पाठ हवा, पण कुठे थांबायचं ते कळायला हवं. १९६६ साली मुंबईत शिवसेना निघाली तेव्हा लालबाग-परळच्या खोल्यांतला आपला चाकरमानी तिच्यामागे उभा राहिला, गणपती-शिमग्याला येताना त्यानेच ती गावी आणली, कोकण बालेकिल्ला झाला, १९९९ ला इथलेच नारायण राणे मुख्यमंत्री झाले. इथपर्यंत छाती फुगवून सांगावं आणि पाणी प्यावं. कारण पुढे २००५ येतं. राणे काँग्रेसमध्ये गेले आणि मालवणच्या पोटनिवडणुकीत, बालेकिल्ल्यातच, सेनेच्या उमेदवाराचं डिपॉझिट गेलं. २०१४ ला कुडाळने सेनेच्या वैभव नाईकांना निवडून देत राण्यांना पाडलं. २०१७ ला राण्यांनी महाराष्ट्र स्वाभिमान पक्ष काढला, २०१९ ला तो भाजपमध्ये विलीनसुद्धा झाला. हापूसचं कलम धरायला याहून जास्त वर्षं घेतं. मग २०२२, सेनेचे आमदार फोडून एकनाथ शिंदे गुवाहाटीला. फेब्रुवारी २०२३ ला आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंद्यांना दिला. २०२४ च्या विधानसभेला रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग मिळून ठाकऱ्यांकडे उरलं एकटं गुहागर, आणि तिथले भास्कर जाधवही मधली वर्षं राष्ट्रवादीत काढून आलेले. त्याच निवडणुकीत राण्यांचे दोन मुलगे, एक कणकवलीत कमळावर आणि एक कुडाळात धनुष्यबाणावर. भाईंसारख्यांची केवढी सोय! एकाच घरी नमस्कार केला की दोन पक्षांना पोचतो.

या प्रत्येक वळणावर आमचे भाई आधीच पलीकडच्या स्टेजवर. कारण विचारलं की ‘विकासासाठी’. कसला विकास? भाईंचा डंपर झाला, दुसरा झाला, चिऱ्याची खाण झाली. साकव मात्र दर वेळी ‘मंजूर’. रविवारीही माइकवरून तेच, ‘‘गाववाल्यांनू, साकव झालो म्हणान समजा!’’ आणि टाळ्या.

या टाळ्या कोणाच्या होत्या? भाईंना नावं ठेवून झालं असेल तर आता तुमच्याबद्दल बोलू. पक्ष गुवाहाटीत फुटला म्हणता? तो इथे वाडीत केव्हाच फुटला होता. ज्याने आपल्या पोराला ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून चिकटवलं त्याच्यामागे तुम्ही गेलात, झेंडा कुठला ते बघितलं नाहीत. त्यांनी उड्या मारल्या, कारण कोणी विचारणार नाही याची त्यांना खात्री होती. ती खात्री तुम्ही दिलीत. आधीच्या दोन नारळांचं काय झालं, एवढंसुद्धा एकाला विचारवलं नाही. मंडपात वडे संपले म्हणून मात्र भांडलात! विचारायचं नसेल तर साकव मागू नका. उतरा पोरांना खांद्यावर घेऊन ओहोळात.