गच्चीचा चुना

आठ दिवस झाले, नखांतला चुना अजून निघत नाही आणि ३४६० रुपये अजून मिळत नाहीत. दुसरं जास्त झोंबतंय.

लातुरात आमची तीन मजली जुनी इमारत, आम्ही वरच्या मजल्यावर. पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते आमच्यावर ओकतो. पंखा म्हणजे तीच हवा ढवळायचा पळा. इमारत पाडून नवी बांधायची ऐपत कुणाची नाही, म्हणून मी मीटिंगमध्ये सुचवलं की गच्चीला चुना मारू. चुन्यात थोडं फेविकॉल घालून दोन हात दिले की बरंचसं ऊन वरच्या वर परत जातं. बारा घरांत वाटले तर घरटी तीनशेही पडत नाहीत.

तळमजल्यावरचे अप्पा उठले. अप्पांची उभी हयात कोर्टात बेलिफ म्हणून गेली. वकिली तिथे फुकट ऐकायला मिळते.

"सर, ऊन कुठं पडतंय?"

"गच्चीवर."

"गच्ची कुणाच्या डोक्यावर?"

"आमच्या."

"मग चुना कुणी आणायचा?"

मी म्हणालो, अप्पा, मोटारीचं बिल सगळे भरतात आणि पाणी आधी तुमच्या नळाला येतं. त्यावर ते म्हणाले, "उलट तुमीच आमच्या छतावर राहायलाव. इतकी वर्षं झाली, आमी कधी एक शब्द बोललो का?"

लोकांनी माना डोलावल्या. मी खिशातून कात्रण काढलं. तेलंगणाने २०२३ साली थंड छतांचं धोरणच आणलंय. सरकारी इमारतींना सक्ती, घरांना ६०० चौरस यार्डांच्या प्लॉटपासून पुढे.

"हैदराबादचं कामून ऐकायचं? १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो की आपण त्यांच्यातून!"

टाळ्या पडल्या. माझ्या बायकोनेही एक वाजवली, ती मी ऐकली. चुना मारण्याआधी गच्ची धुवावी लागेल म्हटलं, तर लगेच दुसरं आलं. "ज्या गावाला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या गावात गच्ची धुवायलाव?"

शेवटी अप्पांनी पुरावा मागितला. आधी ताप आहे हे सिद्ध करा. दुपारी दोनला आम्ही वर गेलो आणि अप्पांनी बनियनच्या खिशातून नातवाचा काचेचा थर्मामीटर काढून गरम फरशीवर आडवा ठेवला. त्याची पट्टी ४२ ला संपते. मे महिन्यात एवढी आमची सावलीतलीच हवा तापते. पारा सरसर टोकाला गेला, टिक् असा आवाज झाला आणि काच फुटली. अप्पा वाकून, डॉक्टरसारखे गंभीर होऊन म्हणाले, "ताप हाय."

पाऱ्याच्या गोळ्या पकडायला धावलेली पोरं हाकलताना माझा घाम निघाला. थर्मामीटरचे दीडशे रुपये ३४६० मध्येच धरलेत, तेही मीच दिले.

वरच्या बाकी तीन घरांपैकी एक कुलूपबंद, दुसऱ्यात एसी, तिसऱ्यात भाडेकरू. म्हणजे उरलो मी.

खरं तर गारवा काय असतो हे अप्पांनाच जास्त ठाऊक. औसा तालुक्यात त्यांचा माळवदाचा वाडा होता. लाकडावर हात-दीड हात पांढरी माती. मे महिन्यात दुपारी आत झोपलं तर अंगावर चादर लागायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तीच माती दगडी भिंतींसकट झोपलेल्या माणसांवर आली. हे सांगताना अप्पा गप्प होतात, एरवी होत नाहीत. मग ज्याला त्याला स्लॅब हवा झाला, नाहीतर पत्रा. कोण काय बोलणार? पण तीस वर्षांत गावोगावी, शहरभर स्लॅब पडले आणि त्यावर पांढरा हात मारा हे ना नकाशा मंजूर करणाऱ्याने सांगितलं, ना बिल्डरने. आमच्या बिल्डरने जाहिरातीत 'हवेशीर' लिहिलं होतं. हवा येते हो. भट्टीतली येते.

असो. रात्री चुना भिजवला, पहाटे पाचला एकट्याने झाडूने मारला. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. कंबर गेली, पण छताला रात्री हात लावता येऊ लागला.

परवा अकराला डोक्यावर पावलं वाजली. वर गेलो तर पांढऱ्या गच्चीवर चांदणं पडल्यासारखं, आणि मधोमध गादी, उशी, तांब्या, नातू आणि अप्पा.

"सर, गार हाय ओ!"

"अप्पा, वर्गणी?"

"कशाची? आमी तर तुमच्या छतावर झोपायलाव."

सकाळी दारात उभे, हातात पांढरी झालेली चादर.

"सर, चुना निघायलाय. फेविकॉल कमी टाकलाव काय?"