ढकलपत्र बाद!

कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर शब्दभेंड्या झाल्या आणि मी बाद झालो. बक्षीस होतं पाच किलोचा स्टीलचा डबा. डबा गेला त्याचं मला काही नाही. (आहे. झाकणाला कडी होती.)

समोरचे लोक 'आषाढ', 'वाढ', 'गाढ' टाकून दरवेळी ढ आमच्या गळ्यात मारत होते. ढग, ढोल, ढेकर, ढेकूण, सगळं संपलं. 'ढवळाढवळ' हिनं पहिल्याच फेरीत उधळली होती. शेवटी मी म्हटलं, "ढकलपत्र!" मोबाइलवर आलेला मजकूर न वाचता पुढे ढकलतात, ते. शब्द माझा नाही, कुणा भल्या मराठी माणसानं केव्हाच केलाय.

पंच होते तळमजल्यावरचे नाना. मांडीवर दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचा जाडजूड खंड.

"कोशात दाखवा."

मी खंड उघडला. सातांपैकी पहिला. अ-आ-इ-ई. यात ढ कुठून येणार?

"नाना, बाकीचे खंड?"

"वाटणीत धाकट्याकडे गेले. पण यात नाही ना? मग नाही."

"ढकलणे आहे, पत्र आहे. मग ढकलपत्र का नाही?"

"नवरा आहे, बायको आहे. लग्नाचा दाखला कुठाय?"

"पण लोक वापरतात हो."

"कोण लोक?"

"मी."

"तुम्ही एक. अजून?"

मी हिच्याकडे पाहिलं. ती मसाला दुधातला पिस्ता शोधत होती.

म्हणजे कोशात नाही म्हणून बोलायचं नाही, आणि कुणी बोलत नाही म्हणून कोशात यायचं नाही. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, तसलाच प्रकार. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याच्याआधी काय अख्खा महाराष्ट्र खाणाखुणा करत होता? आणि हा दाते-कर्व्यांचा कोश १९३८ला पुरा झाला, नंतर १९५०ला पुरवणी. त्यात मोबाइल शोधायचा, म्हणजे आजोबांच्या पत्रिकेत नातवाचं लग्न शोधायचं.

बरं, कोशात बसवला म्हणून शब्द जिभेवर बसतो असंही नाही. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला. आज आपण काय म्हणतो? पेशवे! खुद्द महाराजांचं ऐकलं नाही, तिथं सरकारी परिभाषेची काय कथा. सावरकरांचा 'महापौर' मात्र असा रुळला की तो कुणी घडवला होता हेच लोक विसरले. भ्रमणध्वनी अजून लग्नपत्रिकेच्या तळाशी वाट बघत उभा आहे. नानांनी एकदा खाली पाटी लावली, 'उद्वाहक बंद आहे.' लोक वाचून, मान डोलावून लिफ्टची वाट बघत थांबले.

तर मी बाद. ढ समोर गेला. तिकडून सातवीतल्या एका पोरानं आरोळी ठोकली, "ढिंच्यॅक!"

मी नानांकडे पाहिलं. नानांनी खंड उघडलासुद्धा नाही.

"चालेल."

"चालेल? हा कोशात आहे?"

"अहो, नातू दिवसभर म्हणतो की घरात!"

पोरगं नानांचाच नातू, हे वेगळं सांगायला नको. डबाही नानांच्याच घरी गेला. जखमेवर मीठ म्हणजे, ऑक्सफर्डवाल्यांनी २०२० साली विद्यार्थ्यांसाठीच्या कोशाच्या दहाव्या आवृत्तीत भारतीय इंग्रजीतले २६ नवे शब्द घेतले. त्यात आधार, चाळ, हरताळ आणि डबा! डबा साहेबाच्या कोशात जातो, नानांच्या फडताळात जातो, आमच्याकडेच तेवढा येत नाही. मराठी माणसानं मराठी शब्द वापरला की मात्र दाखला मागायचा. याला आम्ही भाषाप्रेम म्हणायचं.

काल सकाळी लिफ्टमध्ये नाना भेटले. मी मजल्याचे आकडे बघत उभा.

"जरा तुमच्या हिला सांगा," नाना म्हणाले, "पहाटे पाचपासून ग्रुपवर ढकलपत्रं टाकते. झोपमोड होते हो."

अनेकवचनासकट!

मी म्हणणारच होतो, नाना, कोशात दाखवा आणि डबा काढा. पण तेवढ्यात तळमजला आला आणि नाना उतरलेसुद्धा.