मोतीचा खर्च कोणत्या रकान्यात लिहू?

काल रात्री साडेअकराला माझा फोन हातातून निसटून पलंगाखाली गेला. घरात मी एकटीच. 2017 साली नवले पुलाजवळ अपघात झाला, तेव्हापासून कमरेखाली संवेदना नाही. पूर्वी अशी पडलेली वस्तू सकाळी मावशी कामाला येईपर्यंत तिथेच राहायची. काल माझा कुत्रा मोती पलंगाखाली शिरला आणि फोन अलगद तोंडात धरून माझ्या हातात दिला. दाताचा ओरखडासुद्धा नाही. फ्रिजच्या मुठीला जुन्या साडीची पट्टी बांधली आहे, ती ओढून तो दार उघडतो आणि पाण्याची बाटली आणून देतो.

हे तो आपोआप शिकलेला नाही. ट्रेनर सर सव्वा वर्ष, आठवड्यातून दोनदा, कोथरूडला आमच्या घरी यायचे. नुसती बाटली न चावता धरायला शिकण्यात दीड महिना गेला. फीसाठी दादाने आणि मी मिळून दोन एफडी मोडल्या. शिवाय दर महिन्याचं खाणं, लसी, डॉक्टर.

मदत मिळते का बघायला एका कार्यालयात गेले. अर्जात ‘साधनाचे नाव’ असा रकाना होता, मी ‘प्रशिक्षित कुत्रा’ लिहिलं. समोरच्या बाई खरंच चांगल्या होत्या. त्यांनी यादी दोनदा वाचली. व्हीलचेअर, तीनचाकी, कुबड्या, श्रवणयंत्र. मग म्हणाल्या, “ताई, यात बसत नाही हो. पशुसंवर्धनला विचारून बघा.”

माझं म्हणणं एवढंच आहे की मोती हे माझं साधन आहे, आणि त्याला यादीत जागा हवी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे, पण साधनांची यादी अजून लाकूड-लोखंडाच्या पुढे फारशी सरकलेली नाही. महापालिकेला दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी राखून ठेवावा लागतो. दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्या पुण्यातच आहे. 2022 च्या डिसेंबरात राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही काढला. मग हा विषय पुण्यातून नाही तर कुठून सुरू व्हायचा?

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायच्या पैशांचंही तेच. हे पैसे कशावर खर्च करता येतात त्याची यादी कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे, त्यात दिव्यांगही आहेत आणि प्राणी कल्याणही. एका कंपनीत विचारलं, तर या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं आणि तिथून परत पहिल्यावर.

एक गोष्ट मात्र आपल्या दिव्यांग लोकांनीही मान्य करायला हवी. आधी प्रशिक्षणाची परीक्षा आणि प्रमाणपत्र ठरलं पाहिजे. नाहीतर घरातल्या कुठल्याही लाडक्या कुत्र्याच्या नावाने अर्ज येतील आणि खऱ्या गरजेचा माणूस मागे पडेल. आणि मदत एकदाच देऊन भागणार नाही. असा कुत्रा साधारण दोन वर्षांचा झाला की पूर्ण कामाला लागतो आणि नऊ-दहा वर्षांचा झाला की थकतो. मोती आता सहा वर्षांचा आहे. पुढच्या पिल्लाचा विचार मला आत्ताच करायला लागतो, आणि तो करताना पोटात गोळा येतो.

“माणसांना खायला नाही आणि हिला कुत्र्यासाठी पैसे हवेत,” असं मला तोंडावर ऐकवलं गेलंय. फार लागलं. मी चैन मागत नाहीये हो. रात्री तहान लागली तर पाणी मिळावं, एवढंच मागतेय.

पुढच्या सोमवारी पुन्हा अर्ज घेऊन जाणार आहे. बाईंनी सांगितलंय, आधी कुठे मंजूर झाल्याचा कागद असेल तर पुढे पाठवता येईल. महाराष्ट्रातल्या कुठल्याही पालिकेत किंवा जिल्हा परिषदेत कुणाला अशी मंजुरी मिळाली असेल, तर कृपा करून त्या पत्राचा फोटो मला पाठवा.