‘घरबसल्या’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

दात घडवणाऱ्या पेशींपासून जबड्यात होणाऱ्या गाठींत ॲमेलोब्लास्टोमा नावाची गाठ भारतात सर्वाधिक आढळते, असं मी लेखात म्हटलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत : "ॲमेलोब्लास्टोमा भारतात सर्वाधिक, हे बायोप्सीला आलेल्या गाठींचं गणित आहे, लोकसंख्येचं नाही. केराटोसिस्ट तर आता गाठींत धरतच नाहीत. घरबसल्या लोकांना घाबरवणं सोपं असतं."

केराटोसिस्टचं, म्हणजे जबड्याच्या हाडात होणाऱ्या एका पिशवीचं, तुमचं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली तिला गाठींत घातलं आणि २०१७ साली पुन्हा सिस्टमध्ये, म्हणजे पिशव्यांत, नेलं. मी जुनी वर्गवारी धरली, चुकले. ती ओळ काढली आहे.

पण घरबसल्या? सदाशिव पेठेत २२ वर्षं दातांचा दवाखाना चालवतेय मी. आणि त्याच्याही आधी, बारावीत असताना, माझ्या मामाची खालची दाढ हलायला लागली होती. ती काढली. मग शेजारची काढली. एक्स-रे काढावा असं कुणालाच वाटलं नाही. दुखत नव्हतं, म्हणून मामाही गप्प. ॲमेलोब्लास्टोमा असाच असतो, सावकाश वाढतो, दहातले आठ खालच्या जबड्यात, बहुतेक दाढांच्या मागच्या बाजूला. कळलं तेव्हा अर्धा जबडा काढावा लागला, पायाचं हाड घेऊन नवा बसवला. मामी कित्येक आठवडे वरणाचं पाणी गाळून त्याला पाजत होती. हे पाहिलेल्या माणसाला तुम्ही घाबरवणारी म्हणता!

शिवाय या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात आणि ॲमेलोब्लास्टोमा दहा लाखांत वर्षाला जेमतेम एखाद्याला होतो, हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. तेवढं तरी वाचायचं होतं. मतभेद असू द्या, पण ही बोलायची रीत नव्हे.

राहिला बायोप्सीचा मुद्दा. ओडोन्टोमा, म्हणजे दाताच्याच घटकांची बनलेली गाठ, दुखत-खुपत नाही. मुलाचा पक्का दात येईना म्हणून एक्स-रे काढला की सापडतो, आणि काढल्यावर पुष्कळदा लॅबला जातच नाही. म्हणून तो कमी मोजला जातो, हे मला माहीत आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच नोंदींत तोच पहिला असतो, आपल्याकडे आणि आफ्रिकेत ॲमेलोब्लास्टोमा. मग काय, घरोघरी जाऊन ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचे एक्स-रे, काढायचे? ज्या नोंदी आहेत त्यांवरच बोलावं लागतं.

‘सर्वाधिक’ हा शब्द मी बदलणार नाही. ‘घरबसल्या’ मात्र तुम्ही मागे घ्यावा.