मालिकेतला नट

दिवाळीला फोन केला, तेव्हा फराळाची चौकशीही न करता पुण्याच्या दादाने विषय काढला तो आमच्या भाचीचा. तिला एका दैनंदिन मालिकेत भूमिका मिळाली आहे आणि नाटकात चांगले काम करणारी मुलगी आता वाया गेली, असे घरातल्या बहुतेकांचे मत आहे. 'मालिका म्हणजे पाट्या टाकणे,' हे दादाचे वाक्य आठ दिवस झाले तरी माझ्या डोक्यातून जात नाही.

मी बावीस वर्षे मँचेस्टरला आहे. इथल्या 'कोरोनेशन स्ट्रीट' या मालिकेचा पहिला भाग ९ डिसेंबर १९६० रोजी दाखवला गेला. त्यात केन बार्लो झालेले विल्यम रोच साठ वर्षांहून अधिक काळ तीच भूमिका करत आले आहेत आणि त्यांना कोणी 'अडकलेला नट' म्हटल्याचे माझ्या कानावर कधी आलेले नाही. त्यांचा मुलगा लायनस लहानपणी याच मालिकेत केनचा मुलगा झाला होता. २०१० मध्ये मालिकेला पन्नास वर्षे झाली, तेव्हा तो केनचाच दुसरा एक मुलगा म्हणून परत आला आणि रोच यांचा धाकटा मुलगा जेम्स केनचा नातू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी रोच यांच्या पत्नी सारा वारल्या होत्या. २०१५ मध्ये केनच्या पत्नीची, डीअर्ड्रीची, भूमिका करणाऱ्या अ‍ॅन कर्कब्राइड गेल्या आणि काही महिन्यांनी मालिकेतही डीअर्ड्रीचा अंत्यविधी झाला. त्या संध्याकाळी शेजारच्या आजी काळा कार्डिगन घालून, मांडीवरचा चहा तसाच गार होऊ देत बसल्या होत्या. सोबत काम केलेल्या बाईंसाठीचे दुःख आणि पत्नीसाठीचे दुःख पडद्यावरच्या रोच यांच्या एकाच चेहऱ्यावर होते. त्याला पाट्या टाकणे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दादा म्हणेल, ते इंग्लंड आहे. पण रोहिणी हट्टंगडी तर आपल्याच ना? 'गांधी' चित्रपटातल्या कस्तुरबांसाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळवलेल्या या अभिनेत्रीने 'चार दिवस सासूचे' या मालिकेत २००१ पासून २०१३ पर्यंत, तीन हजारांहून अधिक भागांत, आशा देशमुख उभी केली. मालिका चालू असतानाच, २००८ मध्ये, त्यांचे पती जयदेव हट्टंगडी गेले. नाटकाचे संस्कार इतके पक्के असलेल्या बाईने मालिका कमी लेखली नाही, मग ती कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हे मी इतक्या तावातावाने लिहितो आहे, त्याला आणखी एक कारण आहे. सांगलीला आई एकटी राहत असे आणि मी जेवणाच्या सुट्टीत कार पार्कमध्ये उभा राहून तिला फोन करत असे. तिथे तेव्हा संध्याकाळ झालेली असे. 'थांब रे, मालिका लागलीय, आशाचं काय होतंय बघू दे,' असे म्हणून ती फोन ठेवत असे आणि मला त्याचा राग येत असे. एकदा मी तिला तसे बोलूनही दाखवले. त्यावर ती अगदी शांतपणे म्हणाली, 'अरे, ती रोज येते.'

मी आठवड्यातून एकदा फोन करत असे, आणि तोही जमला तर.