तुकोबांचं काय, हे नगरने आधीच विचारलं होतं

धर्मांतराच्या कायद्याचा विषय निघाला की गावाकडच्या प्रत्येक ग्रुपवर एक वाक्य फिरायला लागतं: ‘ख्रिस्ती धर्म म्हणतो तुमचे तुकोबा नरकात आहेत.’ त्यावर आमचे ख्रिस्ती बांधव घाईघाईने लिहितात, ‘छे, आमच्यात असं काही नाहीच, देव प्रीती आहे.’ पहिल्याने अर्धंच वाचलंय, दुसऱ्याने वाचलेलं लपवलंय. मला राग दुसऱ्याचा जास्त येतो, कारण तो आमच्यातला आहे आणि बहुतेक वेळा नगरचा असतो. (अहिल्यानगर म्हणा हवं तर. इथल्या जुन्या कागदांत ते अहमदनगरच आहे.)

आधी लपवलेलं सांगतो. १४४२ साली कॅथलिक चर्चच्या फ्लोरेन्स परिषदेने लेखी ठरवलं की चर्चबाहेर मरणारे मूर्तिपूजक, यहुदी आणि फुटून निघालेले ख्रिस्तीसुद्धा शाश्वत अग्नीत जाणार. प्रोटेस्टंटांनी पोप नाकारला, हे नाकारलं नाही. १६४० च्या दशकातल्या वेस्टमिन्स्टरच्या (प्रोटेस्टंटांच्या) विश्वासपत्राचं दहावं प्रकरण काढून बघा: माणूस निसर्गाच्या प्रकाशात कितीही नेमाने वागला तरी ख्रिस्ती धर्म न मानणाऱ्याला तारण नाही. आणि सोळाव्या शतकातला मिशनरी संत फ्रान्सिस झेवियर? जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की जपानमधले नवे ख्रिस्ती आपल्या मेलेल्या आईबापांसाठी रडतात, त्यांना सोडवता येईल का विचारतात, आणि आपल्याला नाही म्हणावं लागतं. त्यालाही भरून येतं, पण उत्तर तेच राहतं. ओल्ड गोव्यात दर दहा वर्षांनी त्याच्या दर्शनाला रांगा लागतात, त्यातल्या किती जणांनी हे पत्र वाचलंय?

पण हे कडक मत कुठल्याच शतकात आतून शांत नव्हतं. अब्राहामाने येशूचं नाव ऐकलं नव्हतं, मग तो कसा तरला? बोलता न येणाऱ्या बाळाचं काय? इटालियन कवी डान्टेने तर चौदाव्या शतकात थेट आपल्याच बाजूचं उदाहरण घेतलं: सिंधूकाठी जन्मलेला एक भला माणूस, जिथे ख्रिस्ताबद्दल सांगणारा कुणी नाही. त्याचा दोष काय? तेराव्या शतकातला कॅथलिक धर्मपंडित ॲक्विनास याने त्याआधीच तोड काढली होती. रानात वाढलेला माणूसही मनातल्या प्रकाशाने चालला तर देव त्याला आतून कळवेल, नाहीतर बायबलात कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याकडे पेत्राला धाडलं तसा कुणीतरी धाडेल.

कॅथलिकांनी हीच वाट हळूहळू रुंद केली. १८६३ मध्ये पोप नवव्या पायसने मान्य केलं की ज्याचं अज्ञान त्याच्या हातचं नाही, त्याला त्याबद्दल शिक्षा नाही. १९४० च्या दशकात इथे, मी राहतो त्या अमेरिकेत, बोस्टनशेजारी हार्वर्ड स्क्वेअरजवळ फादर लिओनार्ड फीनी जुनाच अर्थ ठासून शिकवत होते. १९४९ मध्ये रोमने बोस्टनच्या आर्चबिशपना पत्र पाठवून तो अर्थ चुकीचा ठरवला आणि १९५३ मध्ये, बोलावूनही रोमला गेले नाहीत म्हणून, फीनींनाच चर्चबाहेर काढलं. नंतर आली जगभरच्या कॅथलिक बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद. तिच्या १९६४ च्या दस्तऐवजात अट तिपदरी आहे: सुवार्ता न कळणं स्वतःच्या दोषाने नसावं, देवाचा शोध मनापासून असावा, आणि सदसद्विवेकाला जे कळलं तसं कृपेच्या बळावर जगण्याची धडपड असावी. तुकोबा १६५० च्या सुमारास गेले. जेझुइट मिशनरी फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ सालीच छापलं होतं, पण ते देहूला पोचलं होतं असं कुणीच म्हणत नाही. तीनही अटी पुऱ्या होतात. फॉरवर्ड करणाऱ्यांनी हे वाचलेलं नसतं.

मात्र या तोडीतही एक पेच आहे. न ऐकणारा सुरक्षित आणि ऐकून नाकारणारा धोक्यात, तर मग ऐकवायचंच कशाला? हा पेच सगळ्यात जोरात फुटला प्रोटेस्टंटांत, आणि त्याच्या मध्यभागी होतं आपलं नगर.

मुंबईत १८१३ साली उतरलेल्या अमेरिकन बोर्ड या प्रोटेस्टंट मिशन संस्थेचं सगळं गणित अंकांवर उभं होतं. तिचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूएल यांनी मुंबईत बसून लिहिलेली पुस्तिका १८१८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या अँडोव्हरला छापली, त्या पुस्तिकेच्या नावातच साठ कोटींचा आकडा होता. एवढे आत्मे नाशाकडे चाललेत, माणसं आणि पैसे पाठवा. त्याच अँडोव्हरच्या सेमिनरीतल्या (पाद्री घडवणाऱ्या शाळेतल्या) प्राध्यापकांनी १८८० च्या दशकात म्हटलं की ज्याला या जन्मी ख्रिस्त नीट कळलाच नाही, त्याला मेल्यावर, शेवटच्या न्यायाआधी एक संधी मिळत असावी. आधार पेत्राच्या पहिल्या पत्राचा: ख्रिस्ताने तुरुंगातल्या आत्म्यांना घोषणा केली, मेलेल्यांनाही सुवार्ता सांगितली. विरोधकांनी इब्री ९:२७ पुढे केलं, माणसाला एकदाच मरणं आणि मग न्याय. खरी भीती वेगळी होती. ही संधी मानली तर मिशनची नसच तुटेल, वर्गणी कोण देईल?

१८८६ च्या उन्हाळ्यात रजेवर आलेले रॉबर्ट ह्यूम अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांपुढे या मताच्या बाजूने बोलले. ह्यूम मुंबईत जन्मलेले, नगरचे मिशनरी, तिथल्या सेमिनरीचे संस्थापक. बोर्डाने त्यांची परत जाण्याची परवानगीच अडवली. ऑक्टोबरमध्ये बोर्डाच्या डे मॉइनच्या वार्षिक सभेने या शिकवणीबद्दल गंभीर चिंता नोंदवली आणि नव्या उमेदवारांची चाळणी सुरू झाली. ह्यूम पुढच्या वर्षी नगरला परतले. अँडोव्हरचे प्राध्यापक एग्बर्ट स्मिथ यांना याच वादात १८८७ मध्ये सेमिनरीच्या देखरेख मंडळाने दोषी ठरवलं, तो निकाल १८९१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उडवला. शेवटी १८९३ मध्ये बोर्डाच्या वुस्टरच्या सभेने असं मत असलेल्या एका उमेदवाराला घेतलं आणि वाद विझला.

अँडोव्हरच्या मतातही भोक होतंच. ‘नीट कळलं’ म्हणजे किती? बाजारात गाडीवर उभं राहून परदेशी साहेबाने परक्या हेलाच्या मराठीत केलेलं अर्ध्या तासाचं प्रवचन, तेही महारवाड्यातल्या माणसाने कडेला उभं राहून ऐकलेलं, ही संधी धरायची का? हे मोजायला फूटपट्टी कुणाकडे नव्हती. पण निदान प्रश्न खरा होता. नगरच्या ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याच्या वहीत पहिलं नाव असतं, त्याच्या वरचे सगळे न ऐकलेले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नगरला काम करणारे कवी ना. वा. टिळक सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तो पूलच जळतोय असं मानून त्यावरून चालता येत नाही.

इथे हा वाद कुणाला आठवतही नाही. अँडोव्हरची ती टेकडी आता फिलिप्स अकॅडमीची आहे. त्या गावच्या पांढऱ्या काँग्रिगेशनल (बोर्डाच्याच पंथाच्या) चर्चवर इंद्रधनुषी झेंडा, खाली रमेज सेलची (जुन्या वस्तूंच्या विक्रीची) पाटी, आणि कॉफी अवरला नरकाचं नाव काढलं तर समोरचा हवामानावर येतो. मला ते सुधारल्याचं लक्षण वाटायचं, हल्ली नुसतं विसरणं वाटतं. तिकडे गावाकडे निदान कुणीतरी भांडतंय. पण ग्रुपवर ह्यूमचं नाव घेतलं की लगेच उत्तर येतं, ‘तुम्ही अमेरिकेत बसून आम्हाला शिकवू नका.’ आणि ज्या कागदांवरून मी हे बोलतो ते हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत पडलेत, नगरला नाहीत, त्यामुळे उत्तर द्यायलाही जमत नाही.